सुटे

म्हापशाहून बेनितो आताईद आलेत.
खिशात भिंग, पिशवीत पांढरे हातमोजे.
निवडायला घेतलेली तांबडी भाजी मी बाजूला सारते
आणि ह्यांचे तीन आल्बम टेबलावर ठेवते.
खाली खाणावळीत दुपारची ताटं वाजताहेत,
साखळीच्या स्टँडवर कंडक्टर डिचोली डिचोली ओरडतोय,
आणि वर, आमच्या खोलीत,
शंभर वर्षांपूर्वीची जर्मनी
प्लॅस्टिकच्या खिशांतून बाहेर येते.

लढाईत तांबं गेलं, निकेल गेलं,
बाजारात मोड म्हणून उरली नाही,
तेव्हा गावांनीच छापले आपापले पैसे —
हे जेवता जेवता सांगायचे,
बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला लावत.
गावं तरी केवढी? आपल्या न्हावेलीएवढी.
एक चर्च, एक गिरण, चाळीस गाई.
तरी नोट काढायची हिंमत!
पंचवीस फेनिंगवर हंस,
पन्नासवर सलगम उपटणारी बाई,
पंच्याहत्तरवर गावचा चोर, फासासकट,
आणि खाली सरपंचाची लपेटेदार सही,
जणू साऱ्या जगाचं देणं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.
पुढे पुढे लोकांनी त्या खर्चल्याच नाहीत,
चित्रं आवडली म्हणून ठेवून दिल्या.
सरपंच खूश.
कुणी मागायलाच येत नाही ते देणं
गावाला नफाच.

हे पोस्टात. शिक्के मारून मारून
उजवा अंगठा कायमचा जांभळा.
महिन्याला एक पत्र यायचं, एर्ना नावाच्या बाईचं.
ह्यांनी पोर्तुगीज तिकिटं पाठवायची, तिने गावं.
दोन वर्षं माझ्या हातून हुमणात मीठ जास्त पडलं.
मग फोटो आला: एर्ना एक्याऐंशीची,
मांडीवर मांजर,
तेही म्हातारं.

बेनितो पानं उलटतात. ही बरी, हिला घडी आहे,
ही कापडावर छापलेली, हिचे जास्त.
प्रत्येक नोटेखाली ह्यांचं मुंगीएवढं अक्षर:
जारी करणारा, साल, स्थिती.

तिसऱ्या आल्बमचं शेवटचं पान.
कदंबाचं तिकीट. मागे पेनाने: बाकी ३ रु.
जारी करणारा: कंडक्टर, पणजी–साखळी. साल १९९८.
स्थिती: मध्यम, एकदा भिजलेलं.
त्याच्या शेजारी
कॅलेंडरचा चौकोनी तुकडा,
खाणावळीचा शिक्का, तिरका,
‘या चिठ्ठीवर पंचवीस रुपये देणे’
आणि माझी सही.

तो नोव्हेंबर, नोटा रद्द झाल्या तो.
ताट पंच्याहत्तर, गिऱ्हाइकाच्या हातात शंभर,
गल्ल्यात सुटे नाहीत.
दोन रात्री मी कात्री घेऊन बसले होते.
ट्रकवाले, कॉलेजची मुलं, शेजारचा पदेर,
सगळे चिठ्ठ्या घेऊन आले, जेवले, फिटलं.
वहीत एक कमी पडत होती.
म्हटलं, फॅनच्या वाऱ्याने गेली असेल.

कधी उभे राहिले हे रांगेत?
घरात फुकट जेवणारा माणूस
शंभराची नोट देऊन
बाकीची चिठ्ठी घेऊन गेला
आणि मी गल्ल्यातून मान वर करून पाहिलंही नाही.
जारी करणारा: गाव साखळी. सरपंच: सौ.
स्थिती: उत्तम.
खाली, पेन्सिलीने: बदलून घ्यायची नाही.

“हाका मोल ना, बाये,” बेनितो म्हणतात,
पान न रागावता माझ्याकडे सरकवतात.
बाकीच्यांचा आकडा सांगतात. मी तीनशे वाढवते.
ते पाकीट झटकतात. चाळीस कमी.
फोनवरून पाठवू?
माझा फोन नुसता बोलतो, मी म्हणते.
मग ते पाकिटाचा कोपरा फाडतात, लिहितात,
चाळीस रुपये देणे, आणि सही,
पहिल्या अक्षराला उगाचच एक वेलांटी.

पुढच्या शुक्रवारी आणून देतो म्हणालेत.
नका आणू, असं म्हणायचं राहिलं.

पानावर एक खिसा रिकामा होता.
जारी करणारा: म्हापसा. साल: हेच.
स्थिती —
फुंकर घालते. शाई ओली आहे.